कॉलेजात असताना लिहायला शिकायचंय? नवीन लिहिणाऱ्यांसाठी पायरी पायरीने

कॉलेजच्या वार्षिकांकाच्या संपादन मंडळात मी होते तेव्हापासून ज्युनिअर्सचे एकाच प्रकारचे मेसेज येतात, ताई लिहायचंय पण सुचत नाही, किंवा लिहिलंय पण मॅडमनी 'विषय चांगला, मांडणी कमजोर' असा शेरा मारून परत दिलं तर आता नेमकं काय करू. प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून ठेवते. असाइनमेंट, प्रोजेक्ट, वार्षिकांकातला लेख, एकांकिका, कथा, काहीही लिहायचं असलं तरी सवयी बहुतेक त्याच लागतात.

इतकी वर्षं पोरांचं लिखाण वाचून माझं एक ठाम मत झालंय. आपल्याकडची मुलं बोलायला जबरदस्त असतात, कॅन्टीनमध्ये कालच्या गाडीतला किस्सा सांगायला लागली की अख्खं टेबल ऐकत बसतं, आणि तीच मुलं कागद समोर आला की शाळेतल्या निबंधात शिरतात आणि तो बोलणारा माणूस कुठे गायब होतो कळत नाही. टॅलेंटचा प्रश्न फार थोड्यांचा असतो. बाकीच्यांना फक्त त्या बोलणाऱ्या माणसाला कागदावर आणायचंय आणि मग त्याचं बोलणं नीट करून घ्यायचंय. खालच्या सगळ्या पायऱ्या एवढ्यासाठीच आहेत.

आधी काय काय लागेल

- खिशात किंवा सॅकच्या पुढच्या कप्प्यात मावेल अशी छोटी वही आणि पेन. महागडी डायरी नको, तिच्यात चुकीचं लिहायची भीती वाटते.
- फोनवर युनिकोड मराठी कीबोर्ड. इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप होतं तो चालेल, पण सुट्टीत इनस्क्रिप्ट (मराठी अक्षरं थेट टाइप करायची कीबोर्डची मांडणी) शिकून घ्या, फायनल इयरच्या प्रोजेक्टला फार उपयोगी पडतो.
- शब्दकोश. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश नेटवर फुकट बघता येतो, मराठी विश्वकोशही ऑनलाइन आहे.
- लायब्ररीचं कार्ड. कॉलेजचं तर असतंच, बाहेरच्या एखाद्या ग्रंथालयाचंही काढा. साधारण कॉलेजचं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि अनामत रक्कम लागते, तरी जायच्या आधी फोन करून विचारा.
- खरं बोलणारा एक मित्र किंवा मैत्रीण. हे सगळ्यात कठीण, त्यावर पुढे लिहिलंय.

1. रोज लिहा, थोडंच लिहा

रविवारी निवांत बसून लिहीन असं ठरवलेला रविवार येत नाही. रोज दहा ओळी. विषय लागत नाही, आज काय बघितलं, कोण काय बोललं, कशाचा राग आला, बस.

कधी लिहायचं हे मात्र आधीच पक्कं करा, कारण मुंबईत वेळ मिळत नाही, तो काढावा लागतो. विरार किंवा डोंबिवलीहून येत असाल तर सकाळच्या गाडीत हात वर करायची पंचाईत, वही कुठून काढणार. पण सकाळचं कॉलेज असेल तर दुपारी दीड-दोनला परत जाताना गाडी बरीच मोकळी असते, खिडकी मिळते, ती तुमची लिहायची जागा. ते जमत नसेल तर उतरल्यावर ब्रिजकडे पळण्याआधी प्लॅटफॉर्मच्या बाकावर पाच मिनिटं बसा. गर्दीत उभे असाल आणि काहीतरी सुचलं तर फोनवर व्हॉइस नोट करा, घरी जाऊन उतरवा, आणि उतरवताना स्वतःची वाक्यं कशी असतात ते नीट ऐका. हा व्यायाम मी प्रत्येकाला करायला लावते कारण त्यात आपलं बोलणं आपल्यालाच पहिल्यांदा ऐकू येतं.

2. बघितलेलं लिहा, पाठ असलेलं नको

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते म्हणून जरा जास्त लिहिते.

वार्षिकांकासाठी 'माझी मुंबई' सारखा विषय दिला की ढीगभर लेख यायचे आणि त्यातले बहुतेक असे सुरू व्हायचे: मुंबई ही स्वप्ननगरी आहे, येथे प्रत्येकजण घड्याळाच्या काट्यावर धावत असतो, लोकल ही मुंबईची जीवनवाहिनी आहे. यातलं एकही वाक्य लिहिणाऱ्याचं नाही. ते कुणीही, कुठेही बसून, मुंबई न बघता लिहू शकतं. अशीच सुरुवात केलेल्या एका फर्स्ट इयरच्या मुलीला मी फक्त एवढंच विचारलं, तू कुठली गाडी पकडतेस आणि समोर कोण बसतं? दोन दिवसांनी तिने हे आणलं:

"पावणेआठच्या गाडीत माझ्या समोरच्या काकू रोज भाजी निवडतात. गवार असली की दोन्ही बाजूच्या बायका न विचारता मूठमूठ उचलतात आणि मोडायला लागतात. काकूंचं नाव मला अजून माहीत नाही."

तीन वाक्यं. धावपळ, माणुसकी, स्वप्न असला एकही शब्द नाही आणि तरी सगळं आलंय. ती रोज तेच बघत होती, फक्त ते लिहिण्यालायक आहे असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

करून बघण्यासारखं काम देते. एक ठिकाण निवडा, पहाटेचा दादरचा फूलबाजार असेल, माटुंग्याच्या किंग्ज सर्कलचे जुनी पुस्तकं विकणारे असतील, ससून डॉकवरची सकाळ असेल, नाहीतर तुमच्याच बिल्डिंगच्या खालचा इस्त्रीवाला. अर्धा तास नुसतं थांबा. फोटो काढू नका, कारण फोटो काढला की आपण बघायचं थांबवतो. नंतर वीस गोष्टी लिहा, त्यात निदान पाच आवाज किंवा वास हवेत, दोन माणसांनी बोललेली वाक्यं जशीच्या तशी हवीत, आणि 'सुंदर', 'अद्भुत', 'प्रचंड' यातलं काही नको. पहिल्या आठ-दहा गोष्टी सगळ्यांच्या सारख्याच येतात, तुमचं असं काही त्यानंतर यायला लागतं, म्हणून दहावर थांबू नका.

असाइनमेंटलाही हेच लागू आहे. 'महागाईचा सामान्य जनतेवर परिणाम' लिहायचं असेल तर घरातला किराणा कोण आणतं, गेल्या वर्षी या महिन्यात यादी काय होती आणि यंदा त्यातून काय गळलं हे आईला विचारा, मग पुस्तकातली आकडेवारी त्याच्या शेजारी ठेवा. सर शंभर पेपर तपासतात, तुमचा लक्षात राहील.

3. आपली भाषा वापरा, पण वाक्य मराठी ठेवा

घरी मालवणी नाहीतर आगरी, मित्रांत हिंदी-मराठी मिक्स, लेक्चर इंग्रजीत, हे मुंबईतल्या निम्म्या पोरांचं असंच आहे आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही. 'दर्पण' हे मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र 6 जानेवारी 1832 ला याच शहरात निघालं, एका स्तंभात मराठी आणि शेजारच्यात इंग्रजी, आणि ते काढणारे बाळशास्त्री जांभेकर तेव्हा जेमतेम विशीतले होते. दोन भाषांमध्ये वावरणारा तरुण इथे तेव्हापासून लिहितोय.

शब्द कुठलेही येऊ देत, ट्रेन, लेक्चर, सबमिशन, टपरी, काही बिघडत नाही. बिघडतं ते वाक्याच्या ठेवणीत. 'मी एक अनुभव घेतला जो की माझ्यासाठी खूप महत्त्वाचा होता' असं कुणी बोलतं का? 'ते बघून मी दोन दिवस त्याच विचारात होते' असं बोलतो आपण. 'मी निर्णय बनवला' नाही, 'मी ठरवलं'. 'विद्यार्थ्यांच्या माध्यमातून पथनाट्याचे सादरीकरण करण्यात आले' हे वाचल्यावर कुणी काही केलंय असं वाटतच नाही, 'पोरांनी गेटसमोर पथनाट्य केलं' म्हटलं की चित्र दिसतं.

आजी आगरीत बोलत असेल तर तिची वाक्यं आगरीतच ठेवा, भोवतीचं तुमच्या भाषेत लिहा. आणि हो, असाइनमेंटमध्ये कॅन्टीनची भाषा चालत नाही हे मलाही माहितीय, तिथे 'केलं'चं 'केले' करा, वाक्य साधंच ठेवा. प्रमाण भाषा म्हणजे अवघड भाषा असा समज बऱ्याच जणांचा असतो, तो काढून टाका.

4. वाचा, पण लिहिणाऱ्यासारखं वाचा

खूप वाचा हा सल्ला सगळे देतात, कसं वाचायचं ते सांगत नाहीत. आवडलेल्या लेखाचं एक पान हाताने वहीत उतरवून काढा. उतरवताना कळतं की वाक्य कुठे लहान केलंय, परिच्छेद कुठे तोडलाय, माणसाचं नाव किती उशिरा सांगितलंय. मग विचारा, हे वाक्य इथे का, आधी का नाही. एका पानाला तासभर लागला तरी चालेल.

काय वाचायचं तर सुरुवातीला दिवाळी अंक सगळ्यात बरे. मुंबईत काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा आहे आणि एकाच अंकात कथा, मुलाखत, ललित, प्रवास, रिपोर्ताज (प्रत्यक्ष जाऊन, बघून लिहिलेला वृत्तांत) असं सगळं मिळतं त्यामुळे आपल्याला काय जमेल याचा अंदाज येतो. नवे परवडत नसतील तर दिवाळी उलटून गेल्यावर जुन्या पुस्तकवाल्यांकडे किंवा रद्दीच्या दुकानात बघा. दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, 1898 पासूनची संस्था, तिथे संदर्भ शोधायला एकदा तरी जा. फोर्टात कॉलेज असेल तर काळा घोड्याची डेव्हिड ससून लायब्ररी आणि टाऊन हॉलमधली एशियाटिक सोसायटीची लायब्ररी जवळच आहेत. एशियाटिकच्या त्या मोठ्या पायऱ्यांवर संध्याकाळी नुसतं बसून लिहिता येतं, त्याला कार्ड लागत नाही.

इन्स्टावरच्या चारोळ्या वाचणं मी वाचनात धरत नाही, स्पष्टच सांगते.

5. पहिला ड्राफ्ट न थांबता

पंचवीस मिनिटं लावा आणि थांबू नका. ऱ्हस्व-दीर्घ बघू नका, मागे जाऊन खोडू नका, शब्द आठवत नसेल तर फुली मारून पुढे जा. सुरुवात सुचत नसेल तर मधला भाग आधी लिहा, जो प्रसंग सांगायचाय तिथूनच सुरू करा. पहिला ड्राफ्ट वाईटच येतो, सगळ्यांचा येतो, तो कुणाला दाखवायचा नसतो.

सबमिशनच्या आदल्या रात्री लिहिणाऱ्यांसाठी एक हिशेब देते. दहा दिवस असतील तर पहिले चार वाचायला आणि टिपणं काढायला, पाचव्या दिवशी ड्राफ्ट, सहाव्या दिवशी त्याला हातही लावायचा नाही, सातव्या-आठव्या दिवशी दुरुस्ती, नवव्या दिवशी कुणाला तरी दाखवायचं, दहाव्या दिवशी टायपिंग आणि प्रिंट. मधला रिकामा दिवस अजिबात कापू नका. आपण लिहिलेलं लगेच वाचलं तर डोक्यात काय होतं तेच दिसतं, एक दिवस गेला की कागदावर काय आहे ते दिसतं. आणि प्रिंटचं काम सबमिशनच्या सकाळवर ठेवू नका, त्या दिवशी कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे रस्त्यापर्यंत रांग असते.

6. मोठ्याने वाचा आणि कापा

दार लावून मोठ्याने वाचा. घरात जागा नसेल तर गच्चीवर जा. जिथे श्वास पुरत नाही ते वाक्य तोडा, जिथे जीभ अडते तिथे शब्द बदला, जिथे स्वतःलाच कंटाळा येतो ते काढून टाका.

काही वाक्यं तर दिसली की सरळ खोडायची: 'आजच्या धकाधकीच्या जीवनात', 'असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही', 'काळाची गरज आहे', 'यात तिळमात्र शंका नाही', 'म्हणतात ना'. 'खऱ्या अर्थाने' आणि 'नक्कीच' हे दोन शब्द शोधून काढा, दहापैकी नऊ वेळा ते नसले तरी काही बिघडत नाही.

पहिला परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून वाचून बघा. बहुतेक वेळा लेख तिथेच सुरू झालेला असतो आणि पहिला आपण स्वतःला तयार करायला लिहिलेला असतो. कापताना जिवावर येतं म्हणून कापलेलं वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, मन शांत राहतं.

7. दाखवा, आणि ऐकताना गप्प बसा

बरेच जण इथे येऊन थांबतात. वर्षानुवर्षं लिहितात आणि कुणालाच दाखवत नाहीत, किंवा फक्त अशा मैत्रिणीला दाखवतात जी वाचायच्या आधीच 'भारीए' म्हणते. 'कसं वाटलं?' असं विचारलं की माणूस चांगलंच म्हणणार, दुसरं काय म्हणेल. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा: कुठे कंटाळा आला? कुठलं वाक्य दोनदा वाचावं लागलं? वाचून झाल्यावर काय लक्षात राहिलं? तिसऱ्याचं उत्तर तुम्हाला जे सांगायचं होतं त्यापेक्षा वेगळं आलं तर लेखात काम बाकी आहे.

समोरचा बोलत असताना 'नाही, मला असं म्हणायचं होतं की' असं सुरू करू नका. वाचकाला समजवायला तुम्ही प्रत्येक वेळी त्याच्या शेजारी बसणार नाही आहात. वहीत लिहून घ्या, थँक्यू म्हणा, घरी जाऊन ठरवा. सगळं मान्य करायचं नाही, पण दोन वेगळ्या लोकांनी एकाच जागी बोट ठेवलं तर तिथे काहीतरी चुकलंय, उपाय भले त्यांनी सुचवलेला नसेल.

चार जणांचा गट करा, आठवड्यातून एकदा कॅन्टीनमध्ये किंवा रिकाम्या वर्गात बसा. एका वेळी दोघांचंच वाचायचं, लिहिणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही, आणि माणसावर नाही, कागदावर बोलायचं. लाजाळू मुलांना आधी वाचायला द्या, नाहीतर दोन मोठ्या आवाजाची पोरं तास खाऊन टाकतात.

सर-मॅडमकडे जाताना अख्खी फाइल घेऊन 'जरा बघा ना' म्हणू नका, त्यांच्याकडे तेवढा वेळ नसतो. एक पान, त्यावर एक प्रश्न. 'मॅडम, हा मुद्दा आधी घेऊ की उदाहरण आधी?' असं विचारलं की स्टाफरूमच्या दारातही पाच मिनिटांत उत्तर मिळतं.

8. कॉपी-पेस्ट आणि चॅटजीपीटी

टिपणं काढताना पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं घेतलं तर लगेच अवतरणचिन्ह आणि पान नंबर लिहा. नंतर आठवत नाही कुठलं आपलं आणि कुठलं पुस्तकातलं, आणि न ठरवता चोरी होते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांत दुसऱ्याच्या लिखाणाशी 10 टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, त्यापुढे शिक्षा वाढत जाते आणि प्रबंधात 60 टक्क्यांच्या वर साम्य निघालं तर नोंदणी रद्द होऊ शकते. पुढे एमए, पीएचडी करायचा विचार असेल तर सवय आत्ताच लावा.

चॅटजीपीटीला अवघड संकल्पना समजावून सांग म्हणणं, मुद्द्यांवर उलट प्रश्न विचारून घेणं, यात मला वाईट वाटत नाही, तिथेही त्याने सांगितलेली नावं, सालं आणि पुस्तकं तपासूनच घ्या, कारण नसलेली पुस्तकंही ते आत्मविश्वासाने सांगतं. पण ड्राफ्ट त्याच्याकडून घेऊ नका. ड्राफ्ट लिहितानाच आपल्याला काय वाटतं ते आपल्याला कळत असतं, तेच दुसऱ्याला दिलं तर तीन वर्षांनी डिग्री हातात असेल आणि स्वतःचा एक परिच्छेद लिहिता येणार नाही. पावणेआठच्या गाडीतल्या काकू त्याला माहीत नाहीत.

9. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी, पण नक्की

मराठी साहित्य महामंडळाचे नियम एकूण 18 आहेत, 1962 चे 14 आणि 1972 चे 4. एक संध्याकाळ काढली तर वाचून होतात. तोपर्यंत दोन धरून ठेवा. मराठी शब्दाच्या शेवटची वेलांटी किंवा उकार दीर्घ: पाणी, मुलगी, वाळू ('आणि' अपवाद). शेवटचं अक्षर अकारान्त (काना-मात्रा-वेलांटी नसलेलं) असेल तर त्याच्या आधीची वेलांटी-उकार दीर्घ, पण प्रत्यय लागला की ऱ्हस्व: गरीब-गरिबाला, फूल-फुलाला, वीट-विटेला. संस्कृतातून तसेच आलेले गुण, विष असे शब्द मात्र ऱ्हस्वच राहतात.

फाइल युनिकोडमध्येच ठेवा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला लेख दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडला की नुसती चिन्हं दिसतात, वार्षिकांकाच्या वेळी दरवर्षी दोन-तीन लेख असे यायचे. पीडीएफ आणि वर्डची फाइल, दोन्ही पाठवा.

10. पाठवून द्या

पहिल्यांदा छापून यायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे वर्तमानपत्रातला वाचकांच्या पत्रांचा कॉलम. दीडशे-दोनशे शब्द, एकच मुद्दा, ताजा विषय, खाली पूर्ण नाव, पत्ता आणि फोन. इतक्या कमी शब्दांत मुद्दा मांडायची सवय पुढे प्रत्येक असाइनमेंटला कामी येते. त्यानंतर कॉलेजचा वार्षिकांक, मराठी वाङ्मय मंडळाचं भित्तिपत्रक, 27 फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाच्या आसपास होणाऱ्या स्पर्धा. एकांकिका लिहायची असेल तर थेट लिहायला बसू नका, कॉलेजच्या ग्रुपमध्ये बॅकस्टेजला शिरा आणि तालमी बघा, कुठलं वाक्य नटाच्या तोंडात बसत नाही ते तिथेच कळतं.

दिवाळी अंकांना लेख पाठवायचा असेल तर दिवाळी जवळ आल्यावर पाठवून उपयोग नाही, अंकाची जुळवाजुळव कित्येक महिने आधी सुरू होते, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीतच लिहून ठेवा. एकच लेख एका वेळी दोन ठिकाणी देऊ नका. फाइलच्या नावात लेखाचं आणि तुमचं नाव टाका, 'फायनल फायनल 2' असं काही नको. मेलमध्ये चार ओळी पुरतात: मी कोण, कुठल्या वर्षाला, लेख कशावर, किती शब्द. दोन महिन्यांत उत्तर नाही आलं तर एकदा नम्रपणे विचारा, तरी नाही आलं तर लेख काढून घेतेय असं कळवा आणि दुसरीकडे पाठवा, तोपर्यंत पुढचा लिहायला घेतलेला असू द्या.